खारपाणपट्ट्यात राहून मीठ विकत कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. माझ्या घरात समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) यांचा टँक आहे, त्याच्यासाठी मी मीठ विकत आणतो. पारावर, पंगतीत, बियाण्याच्या दुकानात, गेली सहा वर्षं तोच प्रश्न येतो: "आपल्या गावचं पानी त खारंच हाय, मंग तू मीठ कायले इकत आनतं?"

दर्यापूर तालुक्यात हा प्रश्न पडणारच. पूर्णेच्या खोऱ्यात आपण खारं पाणी पिऊनच वाढलो. पण तुम्हीच सांगा, हेच बोअरचं पाणी तुम्ही वावरात सोडायला का भिता? जमीन चोपण, म्हणजे कडक आणि नापीक होते म्हणून. म्हणजे मिठामिठात फरक असतो हे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे. माझ्या बोअरला लिटरमागे अडीच ग्रॅम क्षार, त्यातही सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम, त्यात कॅल्शियम साधारण ४०० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. कोरल जगतं ते याच प्रमाणात. म्हणून बोअरचं पाणी आधी आरओमधून काढून कोरं करायचं आणि मग त्यात टँकचं मीठ घालायचं. अडीचशे लिटरला पावणेनऊ किलो लागतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. कोणी लोणारचं पाणी आणायला सांगतं. त्याचा पीएच १० च्या आसपास आणि समुद्राचा आठच्या थोडा वर, त्यात मासा टिकणार नाही.

नळाचं गोडं पाणी मी टँकला कधीच वापरलं नाही. पाचव्या दिवशी येणारं पाणी कशासाठी असतं ते मलाही कळतं. पण आरओ एक बादली कोरं पाणी देताना तीन बादल्या आणखी खारट करून बाहेर टाकतो. "त्यानं अंगण धुतो," असं मी सांगत आलोय. खरं आहे ते, पण उत्तर नाही. पूर्वी मी यावर भांडायचो. आता भांडत नाही, आणि टँकही बंद केला नाही.

आणखी एक, कारण हेही विचारता. दगडी कोरल माझ्याकडे नाहीत. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत ते. माझ्याकडे मशरूम आणि लेदर, मऊ जातीचे.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी दोन दिवस अमरावतीला होतो. मे महिन्यात कूलर आणि पंख्यापुढे टँकमधलं सात-आठ लिटर पाणी रोज उडतं. मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती कोऱ्या पाण्याची. कॅन भरून ठेवला होता, पण घरात कोणाला सांगितलं नव्हतं. रात्री वावधान (वादळ) आलं, डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली, लाइन गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. पंप बंद, कूलर बंद. सकाळी मी पोचलो तेव्हा पाणी ३४ अंशांवर होतं. एरवी मी ते २६ वर ठेवतो. दोन्ही क्लाउनफिश तळाशी आडवे. लेदर कोरल पांढऱ्या चिकट साईसारखं वितळत होतं आणि खोलीभर कुजका वास.

बाबा बाजूला उभे होते. "पानी लय गरम झालतं, म्या बोअरच्या दोन बकेटा टाकल्या. थंडं होईन मनलं. खारंच हाय ना."

तुमचाच प्रश्न, माझ्या घरात, माझ्या बापाच्या तोंडी. मी ओरडलो. "तुम्हाले कोन सांगतलं होतं?" शेजारची माणसं दारात आली इतक्या मोठ्यानं. बाबा काही बोलले नाहीत, बकेट घेऊन मागल्या दारानं गेले.

आठवड्यानं राग उतरल्यावर हिशेब मांडला. दोन बकेटा म्हणजे तीस लिटर, अडीचशेत. तेवढ्यानं रात्रीतून मासे मरत नाहीत. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यात पाणी हलत नव्हतं, आणि खडकांतले जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन ओढत होते. मासे गुदमरले. त्यातून कोरल कुजलं आणि अमोनिया वाढला. इन्व्हर्टर घरात होता, पण त्यावर फक्त दिवे आणि टीव्ही. पंपाची वायर जोडायची मी दोन महिने टाळत होतो. बोअरचं थंड पाणी पडलं नसतं तर कदाचित ते आणखी लवकर मेले असते. हेही कदाचितच.

बाबांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "मंजे पान्यानं नाई मेले?" मी म्हणालो, "नसावेत." सरळ "नाही" म्हणायला हवं होतं. बोअरच्या पाण्यात आणखी काय काय होतं ते मी तपासलं नव्हतं, म्हणून तोंडातून "नसावेत" निघालं. ते खरं होतं, पण त्यांना ते कसं ऐकू गेलं ते मी बघत होतो.

टँक पुन्हा लावला. सहा आठवडे रिकाम्या पाण्यात नुसते खडक ठेवले, नायट्राइट (अमोनियापासून होणारं, माशांना विषारी द्रव्य) शून्य होईपर्यंत मासा आणला नाही. एअरपंप आणि पंप दोन्ही आता इन्व्हर्टरवर आहेत. कोऱ्या पाण्याचा कॅन टँकच्या शेजारी असतो, आणि त्यातलं हवं तेवढं टाका असं मी बाबांना कितीदा तरी सांगितलंय. ते खोलीत येत नाहीत. संध्याकाळी दारातूनच सांगतात, "पानी दोन बोटं उतरलं रे," आणि कॅन मी उचलतो.