कॅमेऱ्यामागचा आवाज

"काका, यात पप्पा कुठे आहेत?"

आज अमळनेरला मित्राच्या मुलीने विचारलं आणि मला पटकन उत्तर देता येईना. 1999 साली बोरी नदीच्या वाळूत आम्ही काढलेला पिक्चर तिने कॅसेटवरून पेन ड्राइव्हवर उतरवून आणलाय.

व्हीएचएस कॅमेरा लग्नाची शूटिंग करणाऱ्याकडून भाड्याने आणायचो, तोही पौषात. पौषात लग्नं नसतात, मग तो स्वस्तात द्यायचा. एडिटिंग म्हणजे दोन व्हीसीआर जोडायचे. एकावर कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर नेमक्या क्षणी पॉज सोडून रेकॉर्ड करायचं. दर कॉपीला चित्र फिकं व्हायचं, लाल रंग पसरायचा.

त्यात आम्ही सगळे आहोत. तो नाही. कॅमेरा त्याच्याच खांद्यावर होता ना.

फक्त मारामारीच्या सीनमध्ये मागून आवाज येतो, "लवकर कर रे भो, बॅटरी सरी राहिनी!"

त्याला जाऊन सहा वर्षं झाली. पोरगी तेवढंच मागे नेऊन नेऊन ऐकत होती.

किती घरांत माळ्यावर अशा कॅसेटींना बुरशी लागत असेल. आपल्या ग्रुपमधल्या कुणाकडे त्याचा कॅमेऱ्यासोबतचा एखादा फोटो आहे का रे?