तुम्ही विचारलंत म्हणून: नोटीस निघाली, आता काय करायचं?

"आमच्या गावाचं नाव पेपरातल्या नोटिशीत आलंय. आता काय करायचं?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. कधी रस्त्यात जाणारी जमीन असते, कधी फेरफार, कधी प्रभाग रचना, तर कधी वडिलांच्या नावावरचा रिक्षाचा परवाना. विषय कुठलाही असो, माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: नोटीस कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली निघालीय ते आधी वाचा. गट नंबर आणि क्षेत्र त्यानंतर. प्रत्येक कलम एकच ठरावीक गोष्ट विचारतं आणि तिच्या उत्तराला ठरावीक दिवस देतं. माणसं तळमळून चार पानं लिहितात, पण विचारलेलं सोडून बाकी सगळं लिहितात, आणि मग हरकत दोन ओळींत निकाली निघते. हे पाहून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यातल्या अनेकांची बाजू रास्त असते.

कलम शोधण्याआधी कागद नेमका कुणाचा आहे ते पाहा. पेपरात "जाहीर नोटीस" म्हणून ज्या चौकटी येतात, त्यातल्या पुष्कळशा वकिलांनी खरेदीदारातर्फे दिलेल्या असतात: अमुक गटाचं टायटल तपासतोय, कुणाचा हक्क असल्यास इतक्या दिवसांत कळवा. ही सरकारी नोटीस नव्हे. उत्तर दिलं नाही म्हणून तुमचा हिस्सा जात नाही. तरीही लेखी उत्तर स्पीड पोस्टानं पाठवून ठेवा, म्हणजे "आम्हाला माहीतच नव्हतं" असं खरेदीदाराला पुढे म्हणता येणार नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा शासन निर्णय असेल तर त्यावरचा संगणक सांकेतांक बघा. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. हा सांकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत उघडत नसेल तर त्या कागदावर एक पाऊलही टाकू नका. राजपत्र ही आणखी वेगळी गोष्ट. भूसंपादनाच्या अधिसूचनेची तारीख राजपत्रातली धरतात आणि भावाचा हिशेबही तिथूनच मांडतात.

आता फेरफार, कारण सगळ्यांत जास्त प्रश्न त्याचेच असतात. खरेदीखत, वारस, वाटणी, बोजा, काहीही झालं की तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, गाव नमुना ६ मध्ये नोंद धरतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५० (२) प्रमाणे त्या नोंदीची प्रत चावडीत लावायची असते आणि ज्यांचा संबंध अभिलेखावरून दिसतो त्या सगळ्यांना लेखी कळवायचं असतं. हीच ती नमुना ९ ची नोटीस. गाव नमुना ९ हे पावती पुस्तक असतं, त्याच्याशी हिची गल्लत करू नका. हरकतीला १५ दिवस असतात. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्यांनी महाभूमीच्या संकेतस्थळावरची "आपली चावडी" दर आठवड्याला उघडावी. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की चालू फेरफार, त्यांचा प्रकार आणि हरकतीची शेवटची तारीख दिसते. नोटीस घरी येईल या भरवशावर राहू नका. सातबारावरचा तुमचा पत्ता बहुधा आजोबांच्या काळातला असतो.

हरकतीत काय लिहायचं? फेरफार क्रमांक, गट नंबर, तुमचा हक्क कशावरून आला आणि नोंद नेमकी कुठे चुकते, एवढंच. सोबत कागद हवा: नोंदणीकृत दस्त, वारसाचा पुरावा, दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम. "भावानं आम्हाला न विचारता विकली" एवढ्यावर नोंदणीकृत खरेदीखताची नोंद सहसा थांबत नाही. महसूल अधिकाऱ्याला दस्त रद्द करण्याचा अधिकारच नाही, तो दिवाणी न्यायालयाला आहे. अशा वेळी हरकत द्याच, पण खरी लढाई दाव्यात आणि मनाई अर्जात आहे हे समजून वकिलाकडे त्याच आठवड्यात जा. याउलट वारस नोंदीत बहिणीचं नाव गाळलं असेल, क्षेत्र चुकलं असेल, मृताचा एखादा वारस लपवला असेल, तर तीच साधी हरकत भक्कम ठरते.

हरकत दिली की पोच घ्या. संहितेनंच ती द्यायला सांगितली आहे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक, या चारही गोष्टी हव्यात. "ठेवून जा, साहेब आले की बघतील" असं कुणी म्हटलं तर ठेवून येऊ नका. त्याच दिवशी पोस्टानं पोचपावतीसह पाठवा आणि तहसीलदारांना प्रत द्या. हरकत आली की प्रकरण गाव नमुना ६-अ, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढतं आणि सुनावणी लागते. ते चढलंय का, हे आठवड्याभरात स्वतः जाऊन पाहा.

नोंद प्रमाणित होऊन गेली असेल तर कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. मुदत ६० दिवस. निर्णयाची नक्कल मिळायला गेलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेसाठी अर्ज केल्याची आणि नक्कल मिळाल्याची तारीख जपून ठेवा. तुम्हाला नोटीसच मिळाली नसेल तर नोटीस बजावणीच्या अहवालाचीही नक्कल मागा. त्यावर तुमची सही नसेल किंवा मयत माणसाच्या नावानं बजावणी दाखवली असेल, तर विलंब माफीच्या अर्जात आणि अपिलातही तोच तुमचा पहिला मुद्दा. फक्त हस्तदोष असेल, आडनावातलं अक्षर किंवा आणेवारीचा, म्हणजे हिश्श्याचा आकडा, तर अपिलाच्या वाटेला न जाता कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करा.

दिवस मोजताना पहिला दिवस धरत नाहीत, आणि शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल तर पुढचा कामाचा दिवस चालतो, असं सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम सांगतो. तरी माझा आग्रह असा की या सवलतीवर विसंबू नका. नोटीस राजपत्रात एका दिवशी, पेपरात दुसऱ्या दिवशी आणि चावडीत तिसऱ्याच दिवशी लागते. सगळ्यांत आधीची तारीख धरून मोजा, म्हणजे वादाला जागाच उरत नाही.

भूसंपादनात गोंधळ सगळ्यांत महागात पडतो. २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यातल्या कलम ११ ची अधिसूचना ही प्राथमिक. ती राजपत्रात, दोन दैनिकांत, ग्रामपंचायतीत, तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लागते. तिच्यानंतर कलम १५ प्रमाणे ६० दिवसांत लेखी हरकत द्यायची. इथे प्रश्न असा असतो: ही जमीन यासाठी योग्य आहे का, इतकं क्षेत्र लागतं का, सार्वजनिक प्रयोजन खरं आहे का. आणि इथेच गावंच्या गावं "भाव कमी मिळतो" असं लिहून मुदत वाया घालवतात. भावाचा टप्पा अजून आलेलाच नसतो. या टप्प्यावर लिहा की आखणी विहिरीवरून जाते, शेजारी पडीक सरकारी जमीन आहे, गटाचे दोन तुकडे होऊन वरच्या तुकड्याला वाटच राहत नाही. सोबत हाताने का होईना, नकाशा जोडा आणि प्रत्यक्ष सुनावणी मागा. ती मागणं तुमचा हक्क आहे. अधिसूचनेपासून त्या जमिनीचा व्यवहार करायला आणि तिच्यावर बोजा चढवायला बंदी असते, तेव्हा घाईनं विकायचा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा.

मग कलम १९ ची घोषणा येते. कलम ११ नंतर १२ महिन्यांत ती झाली नाही तर आधीची अधिसूचना रद्द झाली असं धरतात, म्हणून दोन्ही तारखा वहीत लिहून ठेवा. त्यानंतर कलम २१ ची नोटीस. भावाचं, झाडांचं, घराचं, बोअरचं, पाइपलाइनचं सगळं इथे सांगायचं. नोटीस निघाल्यापासून हजर राहायच्या तारखेपर्यंत किमान ३० दिवस मिळतात. दर कसा निघतो ते समजून घ्या: मुद्रांकाचा दर, आणि आजूबाजूच्या तशाच जमिनींचे आधीच्या ३ वर्षांतले दस्त घेऊन त्यातल्या वरच्या किमतीच्या निम्म्या दस्तांची सरासरी. यातलं जे जास्त ते धरायचं. म्हणून दुय्यम निबंधकांकडून शेजारच्या गावांच्याही दस्तांच्या नकला आधीच काढा आणि दाव्याला जोडा. बाजारभाव ठरला की मालमत्ता धरून होणाऱ्या मोबदल्यावर १०० टक्के दिलासा रक्कम आणि बाजारभावावर वर्षाला १२ टक्के जादा रक्कम मिळते. पाया चुकला की हे सगळे आकडे चुकतात.

त्या पायाची पहिली वीट संयुक्त मोजणी. भूमी अभिलेखचे कर्मचारी येतील त्या दिवशी स्वतः हजर राहा. प्रत्येक झाडाची जात आणि वय, विहिरीचं बांधकाम, गोठा, कुंपण, सगळं पंचनाम्यात उतरलंय ना ते वाचा. उतरलं नसेल तर "अमुक बाबी घेतल्या नाहीत" असा शेरा लिहून मगच सही करा. पंधरा हापूसच्या जागी "आंबा झाडे" एवढंच लिहिलं गेलं तर नंतर ते सिद्ध करताना फार दमछाक होते. निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, मान्य नसेल तर प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवा असा कलम ६४ चा अर्ज करायचा. निवाड्याच्या वेळी हजर असलात तर फक्त ६ आठवडे मिळतात.

राष्ट्रीय महामार्गाची नोटीस यात मोजू नका. ती १९५६ च्या कायद्याखाली भारताच्या राजपत्रात येते, हरकतीला २१ च दिवस मिळतात, आणि कलम ३ड ची घोषणा निघाली की जमीन केंद्र शासनाकडे निहित होते, म्हणजे त्याच्या मालकीची होते. रकमेचा वाद त्यानंतर लवादाकडे.

निवडणुकीच्या नोटिशींत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: हद्द आणि यादी. प्रारूप प्रभाग रचनेवर हरकत देताना नकाशा आणि हद्दीचं वर्णन शेजारी ठेवून वाचा. क्रमांक उत्तरेकडून सुरू होऊन दक्षिणेत संपतात, प्रगणक गट (जनगणनेसाठी पाडलेला घरांचा गट) शक्यतो फोडायचा नसतो, आणि लोकसंख्या सरासरीच्या १० टक्के खाली-वर चालते. मोठा नाला, रेल्वेमार्ग किंवा हमरस्ता ओलांडून प्रभाग गेलाय, एकच वस्ती दोन प्रभागांत चिरलीय, नकाशात एक आणि वर्णनात दुसरंच आहे, अशा हरकतींची दखल घेतली जाते. आरक्षणाची सोडत हा स्वतंत्र टप्पा, तिची नोटीसही स्वतंत्र.

यादीबद्दलचा गैरसमज मात्र दर निवडणुकीला नव्यानं दिसतो. राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी करत नाही, तो विधानसभेची यादी घेऊन प्रभागवार विभागतो. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यामुळे प्रारूप यादीवर इतकंच मागता येतं: नाव चुकीच्या प्रभागात गेलंय, विधानसभेच्या यादीत असून इथे गळलंय, किंवा उतरवताना लेखनिकाची चूक झालीय. नवं नाव घालायला नमुना ६, वगळायला ७, दुरुस्तीला आणि स्थलांतराला ८, आणि हे अर्ज विधानसभेच्या यादीसाठी आधीच द्यावे लागतात. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून तिचा उपयोग होत नाही. वर्षातल्या १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार अर्हता तारखा (१८ वर्षं पूर्ण झाली का हे ज्या दिवशी पाहतात त्या) भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

परवान्यांचं थोडक्यात सांगते. एसटीच्या मार्गाबद्दलची योजना राजपत्रात आली तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम १०० प्रमाणे ३० दिवसांत हरकत देता येते, आणि एक वर्षात ती मंजूर होऊन प्रसिद्ध झाली नाही तर तो प्रस्ताव रद्द होतो. परवान्याचं नूतनीकरण मुदत संपायच्या किमान १५ दिवस आधी मागायचं. कलम ८६ ची कारणे दाखवा नोटीस आली तर घाबरून परवाना परत करू नका: सुनावणी मागा, आणि काही कारणांत रद्द करण्याऐवजी ठरलेली रक्कम भरून प्रकरण मिटवायची सोय त्याच कलमात आहे, ती लेखी मागा.

वडील गेल्यावर रिक्षा चालवणाऱ्या मुलांना मात्र ठळक सांगावंसं वाटतं. मृत्यूपासून ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला लेखी कळवलं तरच, आणि परवान्याची मुदत शिल्लक असेपर्यंतच, ३ महिने तो परवाना वापरता येतो. त्याच ३ महिन्यांत हस्तांतराचा अर्ज द्यायचा. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो दाखल करता येतो, पण मधल्या काळात रस्त्यावर गाडी पकडली तर ती विनापरवाना ठरते. गाडीची नोंदणी नावावर करणं हे वेगळं प्रकरण, परवाना वेगळं. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या आणि दोन्हींची पोच वेगवेगळी घ्या.