ट्यूनर म्हणतो बरोबर, ताई म्हणतात चूक

माझ्याकडे गिटार येतात त्या एकतर काहीतरी तुटलंय म्हणून, नाहीतर विकायचीये जरा चकाचक करून द्या म्हणून. मला या दुसऱ्या गिटारींचं जास्त वाईट वाटतं कारण त्यांना वरवर काहीच झालेलं नसतं. पहिल्या तीन फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, थोडी झीज आणि पुढे सगळं कोरं करकरीत, म्हणजे माणूस सी, ए मायनर, जी, डी या सोप्या कॉर्डपर्यंत (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) आला आणि एक बोट आडवं टाकून धरायच्या एफ कॉर्डपाशी अडकला. फ्रेट बघून मी सांगू शकतो कुठे सोडलं ते.

परवा आलेल्या ताईंची गिटार पण तशीच. विकायचीये म्हणाल्या. मी सवयीने विचारलं, "एफ का?" तर म्हणाल्या, "एफ तर आहेच दादा, पण खरं सांगू का, मला सूरच नाहीये." हे मला जरा विचित्र वाटलं कारण त्याच्या आधी दोन मिनिटं बोलताबोलता त्यांनी सांगितलं होतं की लहानपणी अनेक वर्षं त्या तानपुऱ्यावर गाणं शिकल्यात. मग प्रॉब्लेम काय तर म्हणे ट्यूनर, म्हणजे तारेचा सूर मोजणारं यंत्र, हिरवा दाखवतो, क्लासचे सर म्हणतात हिरवा आहे ना मग वाजवा, पण कॉर्ड वाजवली की काहीतरी टोचतं. मग त्या ती तार कानाने थोडी उतरवतात, ती कॉर्ड बरी वाटते पण पुढची बिघडते, मग परत चढवतात, आणि तासातला अर्धा वेळ याच्यातच जातो. सरांचं निदान काय तर कान कच्चा आणि बोटांत ताकद नाही. रोज रियाज करा, येईल.

हे "रियाज करा, येईल" म्हणजे शिकवणाऱ्यांचं सगळ्यात सोयीचं औषध आहे, कारण नाही आलं तर दोष कायम पेशंटचाच.

पुसायला घेण्याआधी मी सवयीप्रमाणे नीट ट्यून केली, माझ्याकडे स्ट्रोब ट्यूनर आहे, तो साध्या क्लिपवाल्या ट्यूनरपेक्षा बराच बारीक दाखवतो. सहाही मोकळ्या तारा जागेवर आणल्या आणि साधी ई मेजर वाजवली. मी काही बोलायच्या आत ताईंचं तोंड वाकडं झालं आणि त्यांनी बोट दाखवलं ते थेट तिसऱ्या तारेवर. "हे बघा, हे. ही वर जाते."

ई मेजरमध्ये तिसरी तार पहिल्या फ्रेटवर दाबतात, तिथे जी शार्प वाजतो. ट्यूनरवर बघितलं तर तो तब्बल १५ सेंट वर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एका फ्रेटचं अंतर म्हणजे १०० सेंट, आणि ५-६ सेंटचा फरक कॉर्डमध्ये बऱ्याच लोकांना कळत नाही. मग दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट बघितला, सी, तोही १२ वर. पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सी मात्र जेमतेम ४ वर. म्हणजे बाई सी कॉर्ड वाजवायच्या तेव्हा त्या एकाच कॉर्डमधले दोन सी एकमेकांशी भांडत होते, आणि हे ज्यांना बरोब्बर ऐकू येत होतं त्यांनाच कान कच्चा म्हणून सांगितलं गेलं होतं.

आता हे होतं कशाने ते सांगतो, कारण हे शिकणाऱ्यातल्या कोणालाच कोणी सांगत नाही. गिटारच्या मानेच्या टोकाला, जिथून तारा खुंट्यांकडे जातात, तिथे एक छोटी पांढरी पट्टी असते, नट. त्यात प्रत्येक तारेसाठी खाच असते. खाच पुरेशी खोल नसेल तर तार पहिल्या फ्रेटपासून गरजेपेक्षा उंच राहते. मग ती दाबायला जोर जास्त लागतो, आणि नटला इतकं चिकटून खाली दाबल्यामुळे ती ताणली जाते, ताणली की सूर चढतो. म्हणजे दुखणारी बोटं आणि टोचणारा कान, दोन्हीचं मूळ एकच. मोकळी तार ट्यूनरवर हिरवी दाखवणारच, तिला कोणी दाबलेलंच नाही ना.

तपासायला काही लागत नाही. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या वर बघा. तार आणि फ्रेटमध्ये जेमतेम केसाएवढी फट हवी, बोटाने टकटक केलं तर हलकं टिक ऐकू येईल इतकीच. यांच्या गिटारमध्ये तिथून व्हिजिटिंग कार्ड आरामात गेलं असतं. स्वस्त काय आणि मध्यम काय, बहुतेक नव्या गिटारींचं हेच, कारण खाच उथळ ठेवली तर तार कधी खडखडत नाही. खडखडली तर गिऱ्हाईक परत आणून आपटतं, कडक असली तर बिचारं स्वतःच्या बोटांना दोष देतं. कारखान्याच्या दृष्टीने हिशोब अगदी बरोबर आहे!

मी ताईंना म्हणालो पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा आणि त्याच्या पुढच्या फ्रेटवर एफचा आकार धरा. कॅपो लावला की नट खेळातून बाद होतो, त्याचं काम फ्रेट करतो. त्यांनी धरला आणि सहाच्या सहा तारा वाजल्या. त्यांनी परत वाजवला. मग काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, थोड्या रागानेच. मला तो राग कळतो. वर्षभर कोणीतरी तुम्हाला अशक्त म्हणत होतं आणि दोष निघाला एका पट्टीत. कॅपो नसला तर हीच परीक्षा पाचव्या फ्रेटवर घेता येते, तिथे बॅरे, म्हणजे आडव्या बोटाचा हाच आकार, वाजतो आणि पहिल्यावर अजिबात वाजत नाही, असं असेल तर आधी नट बघा. तसं पहिल्या फ्रेटवर थोडं कठीण जाणारच, पण थोडं. आणि एफमध्ये पहिल्या बोटाने सहाही तारा दाबायच्या नसतातच, मधल्या तीन बाकीची बोटं सांभाळतात, पहिल्याने फक्त सहावी, दुसरी आणि पहिली सांभाळायची, तीही बोटाच्या चपट्या बाजूने नाही, जरा कडेच्या हाडाच्या बाजूने. एवढं तरी सरांनी सांगायला काय हरकत होती.

मग विकायचं बाजूला ठेवून मी कामाला बसलो. आधी मान बघितली, ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई, ठीक होता, बाक पाव मिलिमीटरच्या आत. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची जरा जास्त होती, सॅडल, म्हणजे तारा दुसऱ्या टोकाला जिच्यावर टेकतात ती पट्टी, खालून घासलं, तिथे १ मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल २ मिलिमीटर घासावं लागतं हे नवशिके रिपेअरवाले विसरतात. मग नट. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी फाइल, या सेटला सगळ्यात बारीक तार इंचाच्या हजार भागांपैकी १२ भाग आणि सगळ्यात जाड ५३ भाग. खाच खुंट्यांच्या दिशेला उतरती हवी म्हणजे तार अगदी पुढच्या कडेवरून सुटते, उलटी झाली तर सतारीसारखी जवारी लागते. दोन-तीन हलके फटके, तार परत खाचेत, ट्यून, तपास, परत सैल. या कामात घाई केली तर एकच फटका जास्त जातो आणि मग हाडाचा भुगा आणि सुपरग्लूने खाच भरायची वेळ येते, मला ते लाजिरवाणं वाटतं. शेवटी खाचेत पेन्सिलचं शिसं, म्हणजे ट्यून करताना तार अडकून टिंग करून उडी मारत नाही. ताई सगळा वेळ बघत बसल्या होत्या.

जी शार्प १५ वरून ३ वर आला. एफ वाजला. शेजारच्या टेबलावरचा आमचा माणूस म्हणाला झालं, बिल कर.

पण ई मेजर वाजवल्यावर ताईंचं तोंड परत तसंच. कमी, पण तसंच. "बरंच बरं झालंय दादा, पण अजून थोडी वर आहे."

तर गंमत अशी की आहेच ती वर. मुद्दामच वर आहे, जगातल्या सगळ्या साध्या गिटारींवर आहे. फ्रेट बसवताना सप्तकाचे १२ सारखे भाग करतात (ट्यूनरही त्याच भागांनी मोजतो) म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवता यावं, आणि त्याची किंमत मुख्यतः गंधार भरतो, ई मेजरमध्ये तो म्हणजे हाच जी शार्प, तो स्वाभाविक गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा राहतो. ज्यांचा कान तानपुऱ्यावर तयार झालाय त्यांना तर तानपुऱ्याच्या तारेतूनच खरा गंधार ऐकू आलेला असतो. मी त्यांना गिटारवरच ऐकवलं. सहाव्या तारेवर चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे नुसता स्पर्श करून छेडलं की घंटेसारखा एक स्वर येतो, तो तारेचा स्वतःचा जी शार्प. आणि पहिल्या तारेवर चौथा फ्रेट दाबला की तोच स्वर, पण फ्रेटचा. दोन्ही एकत्र वाजवले की सेकंदाला साधारण तीन लाटा ऐकू येतात. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझं बरोबर होतं."

मग मी तिसरी तार थोडी उतरवली, ई मेजर एकदम गोड, त्यांचा चेहरा खुलला, आणि लगेच सी वाजवून दाखवली. कानावर हात! हेच त्या घरी वर्षभर करत होत्या आणि हे गोल गोल फिरणं कधी संपणारच नव्हतं. त्यांना म्हणालो हे भांडण जुनं आहे, गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली ल्यूट वाजवायचे, त्यांनी १५८१ मध्येच फ्रेट बसवायला १८ला १७ असं गुणोत्तर सुचवलं होतं आणि ते आजच्या फ्रेटिंगच्या अगदी जवळ आहे. ताई म्हणाल्या, "मग बाकीच्यांना हे ऐकू येत नाही का?" सवय होते म्हणालो. त्यांना ते उत्तर पटलेलं दिसलं नाही, मलाही फारसं पटलं नव्हतं.

ताई गेल्यावर शेजारचा म्हणाला कशाला सांगितलंस, नट केला तेवढ्यावर खूश होऊन गेली असती, आता आयुष्यभर प्रत्येक कॉर्डमध्ये तिला तेच ऐकू येणार. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाहीये. पण ऐकू तर तिला आधीपासूनच येत होतं, फक्त ती त्याला स्वतःचा दोष समजत होती. मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. कान जरा जाड असता तर ती "टोचतं" म्हणालीच नसती, नुसतं बोट दुखतं म्हणाली असती आणि गिटार पुसून विकली गेली असती. आणि कान तयार असलेले लोक सगळ्यात आधी सोडून जात असतील का, कारण त्यांनाच सगळ्यात जास्त टोचतं?

गिटार त्यांनी विकली नाही. त्यांच्या सरांचा मात्र फोन आला, जरा घुश्श्यातच, म्हणे तुम्ही काय शिकवून पाठवलंत, आता ती क्लासमध्ये प्रत्येकाची गिटार घेऊन तिसऱ्या फ्रेटवर दाबून बघत बसते. मी म्हणालो मग घेऊन या ना सगळ्या. म्हणाले बॅच संपल्यावर बघू. अजून एकही आलेली नाही. आणि त्यांची दुसरी तक्रार अशी की ई मेजरमध्ये ताई आता तिसरी तार वाजवतच नाहीत, बोट हलकं टेकवून मुकी ठेवतात, ही चुकीची सवय आहे, मी त्यांना समजवावं. मी हो म्हणालो आणि समजावलं काही नाही. मुकी ठेवली तर ती कॉर्ड मेजर राहत नाही हे मला कळतं, पण त्यांनी दुकानात वाजवून दाखवली तेव्हा खरं सांगायचं तर कानाला मस्त लागली होती.