तुम्ही विचारलंत म्हणून: पक्कं घर असताना मांडवात कशाला जेवता?

सिनेगॉगच्या अंगणात झावळ्यांचा मांडव उभा राहिला की शेजारी विचारतात, लग्न कुणाचं? लग्न नाही, सण आहे असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "तुम्हां बेने इस्राएलांची घरं चांगली पक्की आहेत, मग सात दिवस या गळक्या मांडवात बसून जेवायचं कशाला? आणि त्यात आनंद कसला?"

हा सुक्कोत, आम्हां ज्यूंचा सण (बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी ज्यू), मराठी बायबलातला मांडवांचा सण. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या पंधराव्या तिथीला सुरू होतो, म्हणजे पौर्णिमेलाच. २०२४ ला १६ ऑक्टोबर आणि २०२५ ला ६ ऑक्टोबर, दोन्ही वर्षी सुक्कोतची पहिली रात्र आणि कोजागिरी एकाच चंद्राखाली आली. २०२६ ला मात्र तो २५ सप्टेंबरच्या संध्याकाळी, भाद्रपदातच लागतो. सण सुगीचा. खळ्यातलं धान्य आणि कुंडातला द्राक्षरस घरात आला की सात दिवस आनंद करा, असं बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात सांगितलंय. आनंद कुणी करायचा, तेही तिथेच मोजून दिलंय: तू, तुझी मुलं, गडी, मोलकरीण, लेवी (देवळाची सेवा करणारा), उपरा, पोरका, विधवा. मांडवात राहायची आज्ञा 'लेवीय' या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात आहे. कणग्या भरल्या की माणसाला वाटतं, आता आपलं भागलं, कुणाचं काही लागत नाही. नेमकं तेव्हाच त्याला पक्क्या छपराखालून बाहेर काढलं जातं. आमच्या मते सणाचं सगळं बळ या वेळेत आहे. चणचणीच्या दिवसांत झोपडीत बसायला कुणी सांगावं लागत नाही.

मांडव कसाही चालत नाही. माप टेफाहमध्ये धरतात. टेफाह म्हणजे मुठीची रुंदी, सुमारे ८ सेंटिमीटर (काहींच्या हिशेबाने थोडी जास्त). उंची निदान १० टेफाह, लांबीरुंदी निदान ७ बाय ७, म्हणजे एक माणूस आणि त्याचं ताट मावेल इतकी. यापेक्षा लहान नको, आणि वर साडेनऊ मीटरच्या पुढे नको. अडीच भिंतीही नियमात बसतात, पण त्यात बारकावे फार. तीन पुऱ्या करा.

भिंत कशाचीही चालते: फळ्या, पत्रा, तट्ट्या, कापड. चूक होते ती कापडाने. मंडपवाल्याचे पडदे वाऱ्यावर फडफडतात, आणि साध्या वाऱ्याला हलणारी भिंत भिंत धरत नाहीत. यावर सोपा उपाय आहे. तीन टेफाहपेक्षा, म्हणजे २४ सेंटिमीटरपेक्षा कमी फट बंद धरली जाते. म्हणून खांबांना आडवे दोर ताणायचे: पहिला जमिनीपासून २० सेंटिमीटरवर, मग दर २० ला एक, असे पाच. दोरांचीच एक मीटरची भिंत झाली, कापड आता नुसतं आडोशाला.

खरी कसोटी छपराची. ते जमिनीतून उगवलेलं हवं, तोडलेलं हवं, आणि ते भांडं किंवा खाद्य नको. नारळाच्या झावळ्या उत्तम, विणलेले झापही चालतात, पण झोपायची चटई नाही. मांडवावर चढलेला वेल आयता चालत नाही. तो मुळाकडे तोडायचा, आणि तोडल्यावर उचलून पुन्हा ठेवायचा, कारण छप्पर करायचं असतं, झालेलं घ्यायचं नसतं. झावळ्यांचे भारे आणले असतील तर ते सोडा, २५ किंवा जास्त काड्यांचा बांधलेला भारा छप्पर म्हणून धरत नाहीत. लोखंडी पाइपांवर झावळ्या थेट टेकवू नयेत, आधी आडवे बांबू टाकावेत. बांधायला तार किंवा नायलॉनऐवजी केळीचं सोपट घ्यावं. वर झाडाची फांदी, गॅलरी, पत्रा काही नको, उघडं आभाळ हवं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये अडतं ते इथेच: आपल्या गॅलरीवर वरच्याची गॅलरी असते. जेरुसलेममध्ये काही वस्त्यांत मुद्दाम पुढेमागे सरकवलेल्या गॅलऱ्या बांधल्यात, आपल्याकडे त्या नाहीत. म्हणून बहुतेकांचा मांडव सिनेगॉगच्या अंगणातला एकच, आणि आमच्या दृष्टीने ही अडचण नव्हे. मांडव उसना चालतो. तल्मूद, म्हणजे आमचा धर्मनियमांच्या चर्चेचा ग्रंथ, तर म्हणतो, सगळ्या इस्राएलाला एकाच मांडवात बसता येईल.

छपराची दाटी भर दुपारी जमिनीवर बघून ठरवा. उन्हापेक्षा सावली जास्त हवी, पण रात्री चांदणी दिसावी. ओल्या झावळ्या पहिल्या दिवशी दाट दिसतात. दोन दिवसांत पाती वळतात, आणि सावली होती तिथे उन्हाचे पट्टे पडतात. म्हणून सुरुवातीलाच चार झावळ्या जास्त टाकाव्यात. केळीची पानं नकोत, ती आठवडाभर टिकत नाहीत.

आणि पाऊस? परतीचा पाऊस आपल्याकडे नेमका याच दिवसांत. वर ताडपत्री असेल तर तिच्याखाली बसून मांडवात बसल्याचं होत नाही. ताडपत्री छपरावर पाऊस असेपर्यंतच ओढायची आणि जेवणाआधी काढायची. जेवता जेवता पाऊस आला तर मिश्नाची, म्हणजे जुन्या नियमसंग्रहाची, कसोटी सरळ आहे: ताटातली लापशी बिघडेल इतका आला की उठा. त्रास सोसून बसणं इथे पुण्य नाही. आजारी माणसाला तर मांडवाची सक्तीच नाही. पावसाची प्रार्थनाही मांडवाचे सात दिवस संपल्यावर, आठव्या दिवशी करतात. कापलेलं भात शेतात पडलेलं असताना आपला शेतकरीही पाऊस मागत नाही.

आता महाळुंग. सणात चार वनस्पती हातात धरतात: खजुराचा न उमललेला कोंब, मर्टल या सुवासिक झुडपाच्या तीन डहाळ्या, वाळुंजाच्या जातीच्या दोन, आणि एत्रोग, म्हणजे महाळुंगाचं फळ. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच. साल खडबडीत, आतला पांढरा भाग जाड, रस थोडका, देठ आत दबलेला. लिंबावर कलम केलेल्या झाडाचं फळ चालत नाही, म्हणून खात्रीच्या बागांतून, इस्रायल, मोरोक्को किंवा इटलीतल्या कालाब्रियातून मागवतात. शेंड्याचा तुरा मोडला की फळ गेलं, म्हणून ते जपून गुंडाळून येतं. वाळुंज सगळ्यांत नाजूक, ओल्या फडक्यात ठेवला तरी दोन दिवसांत काळपटतो. बदली डहाळ्या आधीच सांगून ठेवा.

लहान वस्तीत एत्रोग एकच असतो, आणि नियम असा की पहिल्या दिवशी (भारतात पहिले दोन) तो धरणाऱ्याच्या मालकीचाच हवा. मांडव उसना चालतो, फळ नाही. मग ते दान करतात: "हे तुम्हाला दिलं, परत देण्याच्या अटीवर." ज्याच्या हातात फळ, तो तेवढा वेळ खरा मालक. कोंब उजव्या हातात, फळ डाव्यात, सहा दिशांना हलवायचं, आणि पुढच्याला तसंच दान. न परतवलं तर आपलंही वाया जातं. एक चूक टाळा: मोठ्यांचं होण्याआधी ते लहान मुलाच्या हातात देऊ नका. मुलाला दान घेता येतं, धर्माच्या कायद्याने परत देता येत नाही, आणि उरलेली रांग अडकते.

जेवणाला रोज बायबलातला एक पूर्वज पाहुणा म्हणून मनाने बोलावतात: अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे, अहरोन, योसेफ, दावीद. त्यांच्या वाटणीचं गरिबाला जातं. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने सुनावलंय की अंगणाचं दार लावून बायकोमुलांसोबत खाणाऱ्याचा आनंद हा सणाचा नव्हे, पोटाचा. म्हणून मांडवातल्या पाटांची संख्या घरच्या माणसांपेक्षा जास्त धरा, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आणायची जबाबदारी नावानिशी वाटून द्या. "कुणीही या" म्हटलं की कुणी येत नाही.

कोकणातल्या आमच्या जुन्या लोकांत तिश्रीत खिरीचा सण असे, नव्या तांदळाची खीर आणि ऊद. मांडवात ती आजही शोभते. तांदूळ जाडसर भरडून पाण्यात मऊ शिजवा, मग गूळ, आणि शेवटी मंद आचेवर नारळाचा घट्ट रस. रस घातल्यावर उकळी आली तर खीर फाटते. गाईचं दूध वापरत नाहीत, म्हणजे मटणाच्या जेवणावरही (मांसाबरोबर दूध आम्हांला वर्ज्य) ती चालते आणि ऐन वेळी आलेल्याला नुसत्या भाताकडे बघत बसावं लागत नाही.