दांडीचं रसग्रहण

रविवारी दुपारी जेवण अंगावर आलेलं असताना भाचीनं फोन माझ्या नाकासमोर धरला. म्हणाली, "मामा, तुला माहितेय का, फेरिस ब्यूलर मुळात नाहीचे."

"कुठे गेला?"

"गेला नाही रे. तो नव्हताच. कॅमेरन आजारी पडून अंथरुणात लोळतोय ना, तर आपल्याला असा मित्र असता तर, असं तो मनात रचतोय. अख्खा पिक्चर त्याच्या डोक्यात चाललाय. फेमस थिअरी आहे."

माझी झोप गेली. 'फेरिस ब्यूलर्स डे ऑफ', १९८६ सालचा सिनेमा. एक पोरगा तापाचं नाटक करून शाळेला दांडी मारतो, मित्राला, म्हणजे कॅमेरनला, आणि मैत्रिणीला उचलतो, मित्राच्या बापाची फेरारी काढतो आणि दिवसभर शिकागो हिंडून संध्याकाळी गुपचूप येऊन झोपतो. विषय संपला. त्याचंही आता मनोविश्लेषण? कॅमेरनचं काम करणारा अ‍ॅलन रक चित्रीकरणाच्या वेळी २९ वर्षांचा होता. काल्पनिक काही शोधायचंच असेल तर तो शाळकरी मुलगा आहे इथूनच सुरुवात करा की.

माझा राग जुना आहे. 'प्रस्तुत ओळींतून कवीला काय सुचवायचे आहे?' या प्रश्नानं माझी शाळेची वर्षं नासवली. कवीला बहुधा काही सुचवायचं नसावं, पाऊस पडला आणि त्याला बरं वाटलं एवढंच असावं, असा संशय मला तेव्हापासून आहे. पण बरं वाटण्याला गुण नव्हते. मग गाईडमधून भावार्थ पाठ करायचा, त्याखाली भाषासौंदर्य, त्याखाली 'मला ही कविता आवडते कारण'. आवडण्याचं कारणसुद्धा गाईडमध्ये छापलेलं असे, आणि ते वर्गात सगळ्यांचं एकच असे. आता शाळा चुकवण्यावरच्या सिनेमाचंही रसग्रहण होणार असेल, तर दांडी मारून उपयोग काय झाला?

अमेरिकेतल्या शाळकरी पोरांचे हे असले सिनेमे मी पाहिले ते नव्वदच्या दशकात, सोलापुरात, केबलवर. संवाद फार तर चार आणे कळायचे. त्यामुळे अर्थ वगैरे भानगडच नव्हती, आम्ही सामान बघायचो. पोराच्या खोलीत स्वतःचा टेलिफोन. शाळेत प्रत्येकाला कुलुपाचं लोखंडी कपाट, आणि त्याच्या दाराला आतून फोटो चिकटवले तरी कुणी काही म्हणत नाही. घरापुढे हिरवळ आणि तिला कुंपण नाही, याचं माझ्या आईला फार नवल वाटायचं. गुरं कशी येत नाहीत, असं ती विचारायची.

'द ब्रेकफास्ट क्लब'नं तर पहिल्या पाच मिनिटांतच आम्हाला चक्रावून टाकलं होतं. पाच पोरांना शिक्षा म्हणून शनिवारी सकाळी शाळेत आणून बसवतात. शनिवारी सकाळी शाळेत बसायला लागणं ही शिक्षा असते, हे आम्हाला नवीन होतं. आम्ही त्याला वेळापत्रक म्हणायचो. आणि बसवतात कुठे, तर मंगल कार्यालयाएवढ्या लायब्ररीत, पुतळ्याबितळ्यासकट. आमच्या शाळेची लायब्ररी म्हणजे एक कपाट, त्याची किल्ली बाईंच्या पर्समध्ये, आणि बाई बाळंतपणाच्या रजेवर. पुढे कधीतरी वाचलं की ती लायब्ररीही खरी नव्हती. बंद पडलेल्या एका शाळेच्या जिममध्ये उभा केलेला तो सेट होता. वाचून उगाच बरं वाटलं.

मात्र त्याच सिनेमात अर्थाचा चमचा अगदी तोंडाशी आणलाय. मास्तर निबंध लिहायला सांगतो, 'मी कोण आहे', हजार शब्द. शेवटी त्यातला हुशार मुलगा पाचहीजणांच्या वतीनं एकच लिहितो, तुम्ही आम्हाला तुमच्या सोयीच्या साच्यात बघता वगैरे. लिहिलंय चांगलं. पण ही झाली उत्तरपत्रिका. शिवाय निबंधाच्या जरा आधी काय घडतं? कोपऱ्यात बसून नखं खाणाऱ्या, काळ्या कपड्यांतल्या मुलीचं तोंड धुऊन, केस मागे बांधून तिला गोड करतात, आणि तेव्हा कुठे पाचांतला पहिलवान मुलगा तिच्याकडे धड बघतो. साचे मोडा म्हणायचं आणि जाताजाता पोरीला साच्यात बसवायचं. या सिनेमांचा कर्ता जॉन ह्यूज मुळात शिकागोच्या जाहिरात एजन्सीत कॉपी लिहायचा. साबण लावण्याआधी आणि लावल्यानंतर, हे काही अंगातून जात नाही.

फेरिसच्या सिनेमातही एक जागा आहे जिथे भावार्थवाले हटकून थांबतात. तिघं शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये जातात. तिथे जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराचं तीनेक मीटर रुंद चित्र आहे, नदीकाठी रविवार घालवायला आलेली माणसं, सगळी ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेली. कॅमेरन त्यातल्या एका लहान मुलीकडे टक लावून बघतो. कॅमेरा एकदा त्याच्या डोळ्यांजवळ, एकदा तिच्या चेहऱ्याजवळ, असं करत इतका आत शिरतो की मुलगी नाहीशी होते आणि नुसते ठिपके उरतात. ह्यूजनंच नंतर सांगितलंय की तो जितकं जवळून बघतो तितकं त्याला कमी दिसतं. शाळकरी वयात आपण तिथे जाऊन बसायचो, हेही. ते दुसरं वाक्य मला जास्त आवडतं. म्हणजे हाही दांडीबहाद्दर.

दांडी मी एकदाच मारली, मावसभाऊ सतीशबरोबर. आठवीत होतो. बेत आठवडाभर शिजला. दप्तरं घेऊन नेहमीच्या वेळी निघायचं, शाळेच्या वळणावर वळायचंच नाही, सरळ भुईकोट किल्ल्याची बाग. साडेसातला बागेत पोचलो. आठपर्यंत फार मजा आली. मग करायला काही उरेना. किल्ला बघून झाला, तो सहलीत आधीच पाहिलेला होता. सव्वानऊला डबे खाऊन टाकले. सतीशकडे शेंगा चटणी आणि कडक भाकरी होती, माझ्याकडे पोळी आणि गवारीची भाजी. गवार मी एरवी टाकून देतो, त्या दिवशी वेळ जावा म्हणून एकेक शेंग करून खाल्ली. कुठेही काका, मावशी, चौकातले डॉक्टर, इस्त्रीवाला दिसेल म्हणून आम्ही झाडाआडून झाडाआड सरकत होतो. सोलापुरात ओळखीचा माणूस न भेटता अर्धा तास काढणं ही सोपी गोष्ट नाही. दहाच्या सुमारास सतीश म्हणाला, "आता भूगोल चालू असंल बे." मी म्हटलं, असंल. साडेदहाला, "आता पीटी." शेवटी आम्ही दप्तर उघडलं आणि पारावर बसून दुसऱ्या दिवशीचं गणित सोडवलं. बारा वाजता घामाघूम होऊन घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, आज फार अभ्यास झालेला दिसतोय.

फेरिस मात्र त्याच मोकळ्या दिवसात उंच मनोऱ्याच्या काचेला कपाळ टेकवतो, बेसबॉलची मॅच बघतो, दुसऱ्याच्या नावावर महागड्या हॉटेलात जेवतो आणि भर मिरवणुकीत रथावर चढून गाणं म्हणतो. त्याला एकही इस्त्रीवाला भेटत नाही. बाप रस्त्यात दिसतो, तोही हूल देता येण्याइतका लांब. ही कॅमेरनची कल्पना आहे की नाही मला ठाऊक नाही, पण आम्हा दोघांची निश्चित होती. आणि ज्या पोराचा दिवस असा गेला, त्याच्या सिनेमाला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१४ साली जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत घेतलं. एवढ्या दांड्या मारून शेवटी नाव सरकारी पटावर.

भाचीला मी हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "म्हणजे तुझं म्हणणं, नुसती मजा आहे?" मी हो म्हणणार होतो, तेवढ्यात 'सिक्स्टीन कँडल्स' आठवला.

१९८४चा. त्यात पाहुणा म्हणून आलेला एक आशियाई विद्यार्थी आहे. तो पडद्यावर आला की मागे घंटेचा मोठा टोल वाजतो. त्याचं नाव हाच विनोद, त्याचे उच्चार हा दुसरा विनोद. त्याचं काम करणाऱ्या गेडी वातानाबेचा जन्म अमेरिकेतल्या युटाचा, ते उच्चार त्याला मुद्दाम करावे लागले. आम्ही सोलापुरात त्याला पोट धरून हसलो होतो. सतरंजीवर बसलेल्या आमच्यापैकी कुणीही अमेरिकेत गेलं असतं तर घंटा आमच्यासाठीच वाजली असती, पण आम्ही हसताना स्वतःला हिरोच्या बाजूला धरलं होतं. त्याच सिनेमात दारू पिऊन शुद्ध हरपलेल्या एका मुलीला तिचा मित्र गाडीत घालून दुसऱ्या मुलाच्या हवाली करतो, आणि तेही गंमत म्हणून. या सिनेमाची आणि 'ब्रेकफास्ट क्लब'चीही नायिका मॉली रिंगवॉल्ड हिनं २०१८ साली 'न्यू यॉर्कर'मध्ये स्वतःच्याच सिनेमांकडे मागे वळून बघत लेख लिहिला. 'ब्रेकफास्ट क्लब' आपल्या मुलीबरोबर पाहताना तिला काय काय खटकलं, ते त्यात आहे. तरी ती ते सिनेमे फेकून देत नाही, हे मला विशेष वाटलं. आवडतं आणि बोचतं, दोन्ही तिनं तसंच राहू दिलंय.

म्हणजे अर्थ आहे, फक्त दिग्दर्शकानं हार घालून ठेवलाय तिथे तो पातळ आहे. घंटेसारखा कुठेतरी नकळत सांडून गेलाय, तिथे दाट आहे. असं काहीतरी मी भाचीला सांगायला लागलो होतो, पण ती केव्हाच फोनमध्ये शिरली होती, आणि बोलताबोलता मला माझ्याच वाक्याला गाईडचा वास यायला लागला होता.

त्याच आठवड्यात सतीशचा फोन आला. त्याचे सोलापुरात लूम आहेत, टॉवेल काढतो, माल एका निर्यातदारामार्फत अमेरिकेला जातो. २०२५च्या ऑगस्टअखेर अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हाची गोष्ट. "ऑर्डर होल्डवर टाकली बे," तो म्हणाला. "गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा नाही. काय करायलेत ती लोकं, तुला कळतंय का काही?"

मला अर्थशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही. पण फेरिसच्या वर्गातला मास्तर आठवला. हजेरी घेताना 'ब्यूलर... ब्यूलर...' करत एकसुरी हाका मारणारा, जगातला सगळ्यात कंटाळवाणा मास्तर. ते काम बेन स्टाईननं केलंय, जो मुळात वकील आणि अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या भाषणांचा लेखक. त्याचा बाप निक्सनचा आर्थिक सल्लागार. वर्गातलं ते भाषण लिहिलेलं नव्हतं, कंटाळा यावा म्हणून त्यानं आयत्या वेळी आपल्याला ठाऊक असलेलं काहीतरी बोलून टाकलं. ते काहीतरी म्हणजे १९३० सालचा स्मूट-हॉली कायदा. सरकारी उत्पन्न वाढावं म्हणून अमेरिकेनं आयातशुल्क, तो विचारतो, वाढवलं की कमी केलं? कोण सांगेल? कुणीच नाही. वाढवलं. उपयोग झाला का? कोण सांगेल? नाही झाला, मंदी आणखी खोल गेली. समोर पोरं तोंडं वासून बसलीत, एकजण गम फुगवतोय, एकजण बाकावर लाळ गाळत झोपलाय.

सतीशला मी हे सगळं साग्रसंगीत सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"आणि हिरो?"

"तो त्या तासाला नसतोच. दांडी."

"बरोबर आहे की मग त्याचं. वर्गात बसलेल्यांनी तरी कुठं ऐकलं?"

मी म्हटलं, मालाचं काय करतोस?

"बघू. दिवाळीत इथंच काढतो. पडत्या भावात."