वन, तू, ती

दुपारी जरा आडवा झालो होतो, शेजारच्या खोलीत लेकीचं ब्लॉक मोजणं चाललेलं. वन, तू, ती. परत वन, तू, ती. पुढे गाडी जातच नाही. अडीच वर्षांची आहे, ट चा त होतो आणि थ्री तर लांबची गोष्ट. मी पडल्या पडल्याच ओरडलो, अगं तू झोप आता! लगेच उत्तर आलं, "ती!" झालं, तू नंतर जे यायला हवं ते तिने म्हणून टाकलं, झोपायचं कोणी ते मात्र राहिलंच.

घरात मराठी, पाळणाघरात इंग्रजी. त्यामुळे "बाबा, दाल ओपनव" आणि "मी जंपले" हे रोजचंच. व्याकरण कोणी शिकवलेलं नाही, पण इंग्रजी क्रियापदाला मराठी शेपूट कुठे चिकटवायचं ते बरोब्बर कळतं, जंपला नाही, जंपले!

कावळ्याला तावला म्हणते. मीही एकदा लाडात येऊन "तावला आला का?" विचारलं तर भडकली. "तावला नाही, तावला!" १९६० साली बर्को आणि ब्राउन या मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या दोघांनी हेच लिहून ठेवलंय, त्यांच्या लिखाणातलं पोरगं फिशला फिस म्हणायचं पण मोठ्यांनी फिस म्हटलेलं त्याला चालायचं नाही. म्हणजे कानाला सगळं कळतं, जीभच मागे राहते. म्हणून ते वाकून बोबडं बोलणारे पाहुणे मला सहन होत नाहीत. (मीही बोललो, मान्य आहे. एकदाच.)

माझा ळ पाच वर्षांचा होईपर्यंत आला नव्हता. आजी समोर बसवून घ्यायची, माझी हनुवटी दोन बोटांत धरून, म्हण, काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले. मी म्हणायचो काले लाले गोले लाले. आजी अजिबात हसायची नाही, परत पहिल्यापासून. मामा मात्र दारात उभा राहून खो खो हसायचा, मग मी त्याच्यासमोर बोलणंच बंद केलं, बरेच दिवस. ळ नंतर कधीतरी आपोआप आला, मिसळले ला अजूनही अडखळतो.

काल ऑफिसच्या कॉलवर सहकाऱ्याला सहज म्हणून गेलो, जरा ती फाइल ओपनवतोस का. कोणी काही बोललं नाही. ओपनवली त्याने.