म्हादईच्या मुखाशी, शिडाच्या होडीतून

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी एकोणीस वर्षं भूगोल शिकवते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे, हे मी झोपेतही सांगेन. पण खारा वारा शिडात भरला की हाताला कसा लागतो, ते गेल्या डिसेंबरात पणजीला कळलं.

जायचं कारण म्हादई. तिचा उगम आमच्याच तालुक्यातला, भीमगडच्या रानात देगावजवळ. मलप्रभाही आमचीच, कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगवणारी. ती पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, आणि म्हादई घाट उतरून गोव्यात मांडवी होते. म्हादईचं नाव निघालं की आमच्याकडे तिचं पाणी मलप्रभेत वळवायचा कळसा-भांडुरा प्रकल्प, मोर्चे आणि पाणीवाटपाचा 2018 चा लवादाचा निवाडा एवढ्यावरच बोलणं संपतं. मला तिचं मुख बघायचं होतं, तेही पाण्यात बसून.

पहिल्या खेपेला फसलो. एका एजंटानं 'सेलिंग' म्हणून आगाऊ पैसे घेतले. धक्क्यावर गेलो तर समोर दोन मजली बोट, वरच्या मजल्यावर मोठमोठे स्पीकर आणि ही गर्दी. शीड औषधालाही नाही. आम्ही चढलोच नाही. पैसे निम्मे परत मिळाले, तेही महिनाभर फोन करून. तेव्हा बुकिंगआधी स्वच्छ विचारा: होडी शिडावर चालते की इंजिनावर, एका वेळी किती माणसं घेता, वारा पडला तर काय करता. शिडाची होडी चालवणारा माणूस या प्रश्नांना कंटाळत नाही, उलट खुलतो. दुसऱ्या वेळी आम्हाला असाच भेटला. सहाच माणसं घेणार म्हणाला, आणि वेळ त्यानं आमच्या सोयीनं दिलीच नाही. ओहोटी आणि वारा बघून दुपारी साडेतीनला पणजीसमोरच्या काठावर, बेतीमच्या बाजूला हजर राहा, म्हणाला.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत सकाळी निघालो. मी, हे, माझी नणंद आणि तिचा कॉलेजातला मुलगा. घाटातल्या वळणांनीच नणंदेचं पोट ढवळलं होतं, त्यामुळे पाण्यावर काय होईल याची मला धास्ती. पणजीत पेज आणि लोणचं एवढंच खाल्लं, आलेपाक पिशवीत ठेवला. होडीवर आणखी एक जोडपं होतं, निपाणीचं. मराठी ऐकल्याबरोबर आडनावाच्या आधी गाव विचारून झालं.

लाइफ जॅकेटचे पट्टे कॅप्टननं स्वतः ओढून बघितले. मग शिडाखालची आडवी काठी दाखवली. होडी वळते तेव्हा ही एका बाजूची दुसऱ्या बाजूला झपकन येते, डोकं खाली घ्यायचं, एवढं त्यानं तीनदा बजावलं. इंजिनावर पात्राच्या मध्यापर्यंत नेलं, शीड चढवलं आणि इंजिन बंद केलं. त्या क्षणी जी शांतता झाली, ती मला अजून ऐकू येते. फक्त होडीच्या कुशीला चळचळणारं पाणी.

समुद्र पश्चिमेला, वाराही पश्चिमेकडूनच. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी सरळ जात नाही, तिरकी जाते. आधी पणजीच्या काठाकडे, मग वळून रेइश मागूशच्या किल्ल्याकडे, पुन्हा पणजीकडे. त्यामुळे शहर तुकड्यातुकड्यानं पुढ्यात येत राहिलं. नांगरलेली कॅसिनोची जहाजं, त्यांच्या मागे आदिलशहाचा राजवाडा. विजापूरच्या यूसुफ आदिलशहाचा उन्हाळी महाल तो. 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला. पुढे कांपाल, कला अकादमी, मिरामारची वाळू. पलीकडे किल्ल्याचा जांभा उन्हात तांबडा झालेला, थेट आमच्याकडच्या घरांसारखा.

एका वळणाला शीड ताणायची दोरी माझ्या हाती आली. "बाई, ओढायची घाई नको. आधी त्या लोकरी बघा," कॅप्टन म्हणाला. शिडाच्या दोन्ही अंगांना लोकरीचे वीतभर धागे लावलेले असतात. दोन्ही धागे सरळ मागे वाहू लागले की शीड बरोबर लागलं. माझा आतला धागा वर फडफडत होता. दोरी ताणून धरणाऱ्या चरकीवर तिचे तीन वेढे घेतलेले, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. मी हातभर ओढली, धागा दोनदा थरथरला आणि आडवा झाला. होडी कलली आणि पुढे सुटली. इतक्या वर्षांत फळ्यावर काढलेले वाऱ्याचे सगळे बाण त्या एका धाग्यात होते.

मुखाजवळ मात्र कसोटी लागली. ओहोटीचं पाणी बाहेर चाललेलं, वारा आत येणारा. दोघं समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. नणंद पांढरी पडली. तिला खाली मान घालू न देता आग्वादच्या टोकाकडे, क्षितिजाकडे बघायला लावलं. "बघ की समोर, खाली नको," हे तिचा हात धरून बसले. आलेपाकाची वडी तोंडात धरून दहा मिनिटांत ती सावरली. मी वाकून पाण्यात बोटं बुडवली आणि चाखली. खारट. देगावच्या रानातलं पाणी इथवर आलं होतं.

परतताना वारा पाठीशी. मघाशी कानात घोंघावणारा वारा जणू थांबलाच, अंगाला ऊन लागायला लागलं. वारा तेवढाच होता. आपणही त्याच्याच दिशेनं चाललो की तो कमी जाणवतो. हे मुलांना मी किती शब्दांनी समजावलं असतं!

येत्या जानेवारीत नववीच्या बारा जणांना घेऊन जाणार आहे, सहा-सहाच्या दोन खेपांत. पालकांची संमतीपत्रं आली आहेत. कॅप्टनला तारीख विचारली, तर आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघून सांगतो म्हणाला.